हंगाम संपल्यावरचं बिल

नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याचे दोन हंगाम. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडून, तिकडे वरूड-मोर्शीकडून गाड्या येऊन लागतात, लिलाव होतो, टनाला भाव फुटतो, काटा होतो, माल पुढच्या ट्रकमध्ये चढतो. त्या दिवसांत अडतीवर पाय ठेवायला जागा नसते. मग एप्रिल उजाडतो, पारा पंचेचाळीसकडे सरकायला लागतो आणि थेट पावसाळा सरेपर्यंत संत्र्याच्या अडतीवर उधारी-वसुली आणि पुढच्या बहाराच्या गप्पा यांपलीकडे फारसं काही घडत नाही.

माझ्या मामांची तिथे अडत आहे आणि मी सॉफ्टवेअरच्या कामात. परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी केली, आता घरूनच काम करते. आमच्या दोघांच्या कामाची गाठ पडली ती पट्टीपाशी. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब: किती क्रेट, किती वजन, काय भाव लागला, हमाली-तोलाई किती गेली, हातात काय राहिलं. शेतकरी दर वेळी गाडीबरोबर येतोच असं नाही. गाडी भाड्याची असते, तिच्यात गावातल्या चार जणांचा माल असतो, आणि पट्टी ड्रायव्हरच्या खिशातून गावात पोचायला कधी रात्र होते, कधी दुसरा दिवस. तोवर मामांचा फोन वाजत राहतो. बागेत वर्षभर राबलेल्या माणसाला आपल्या मालाचं काय झालं हे त्याच दुपारी कळलं पाहिजे, एवढ्यासाठी हे सगळं सुरू झालं.

आधी कुणी तरी मामांना महिन्याच्या भाड्याने एक सर्व्हर घेऊन दिला होता. तो चालायचा, तक्रार त्याची नव्हती. पण मे-जूनमध्ये एकही पट्टी निघत नसताना भाडं तेवढंच जायचं. मामा म्हणाले, "गाळ्याचं भाडं समजते मले, गाळा बंद असला तरी माह्या ताब्यात रायते. पण हे कायचं भाडं आहे? काम नाही तं पैसे कायचे?" हा प्रश्न मला अतिशय योग्य वाटला. संगणकाच्या धंद्यात आम्ही तो फार वर्षं विचारलाच नव्हता. यंत्र चोवीस तास जागं ठेवायचं आणि जागरणाचे पैसे मोजायचे, हे आम्ही गृहीतच धरलं होतं.

उत्तर म्हणून मी सर्व्हरलेस फंक्शनकडे वळले, म्हणजे हाक मारली (काम सांगितलं) तरच क्लाउड कंपनीच्या यंत्रावर तेवढ्यापुरता चालणारा छोटा कोड. त्याची ओळख करून देताना बहुतेक जण एकच बाजू सांगतात: एकाएकी लाखो लोक आले तरी ते आपोआप वाढत जातं. ते खरंच आहे. मात्र नागपुरात बसून हंगामी धंद्यांसाठी काम करताना मला जास्त मोलाची वाटते ती उलटी बाजू. ते शून्यापर्यंत उतरतं. कुणी हाक मारली नाही तर कुठेही काही चालू नसतं आणि कुणाच्या नावावर काही चढत नसतं. तुमचा कोड झिप होऊन एका साठ्यात पडलेला असतो, बस. लाखोंपर्यंत वाढण्याची गरज जगात मोजक्या कंपन्यांना असते. शून्यावर उतरण्याची गरज मात्र कळमन्यातल्या अडतीला आहे, लग्नसराईपुरत्या चालणाऱ्या मंगल कार्यालयाला आहे, जूनमध्ये पुस्तकं विकणाऱ्या दुकानदाराला आहे, आणि शाळांच्या प्रवेशाचे अर्ज भरून देणाऱ्या बाईलाही आहे.

ही सोय फार जुनी नाही. ॲमेझॉनने लॅम्डा हे आपलं फंक्शन चालवणारं तंत्र जाहीर केलं २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, सगळ्यांसाठी खुलं झालं २०१५ च्या एप्रिलमध्ये. मायक्रोसॉफ्ट आणि गूगलने आपापली फंक्शन्स २०१६ मध्ये पुढे आणली. त्याच वर्षी ॲमेझॉनचं मुंबईतलं डेटा केंद्र सुरू झालं, त्यामुळे आमच्यासारख्यांचा कोड सिंगापूरला ठेवायची गरज उरली नाही. सुरुवातीला लॅम्डाचं बिल १०० मिलिसेकंदांच्या टप्प्याने लागायचं, म्हणजे काम ३० मिलिसेकंदांत उरकलं तरी पैसे शंभराचे. २०२० च्या डिसेंबरपासून ते एकेका मिलिसेकंदावर आलं.

मामांना मी हिशेब कागदावर मांडून दाखवला, कारण त्यांचा विश्वास कागदावर बसतो. पट्टी तयार करणाऱ्या फंक्शनला मी ५१२ एमबी मेमरी दिली आहे, आणि एक पट्टी व्हायला दोन सेकंद धरले. अर्धा जीबी गुणिले दोन सेकंद म्हणजे एक जीबी-सेकंद. लॅम्डावर दर महिन्याला १० लाख हाका आणि ४ लाख जीबी-सेकंद फुकट असतात. म्हणजे मेमरीच्या हिशेबाने महिन्याला चार लाख पट्ट्यांपर्यंत फंक्शनचा खर्च शून्य. त्यापुढे दर आहे जीबी-सेकंदाला ०.००००१६६६६७ डॉलर, म्हणजे एका डॉलरमध्ये साठ हजार पट्ट्या. कळमन्यातल्या सगळ्या संत्रा-अडतींनी मिळून हे वापरलं तरी त्या चार लाखांच्या जवळ जाणं अवघड आहे.

कागद पाहून मामा म्हणाले, "म्हणजे हमालीसारखं आहे. जेवढं उचललं तेवढं." मी इतकी वर्षं हा विषय लोकांना समजावते आहे, पण याहून नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. मुनीमजींना महिन्याचा पगार, हमालाला नगावर किंवा वजनावर हमाली. भाड्याचा सर्व्हर पगारावर असतो, फंक्शन हमालीवर.

मात्र त्या रात्री घरी आल्यावर तीच गोष्ट मला टोचत राहिली. नगावर मजुरी देणं माणसाच्या बाबतीत किती क्रूर ठरू शकतं, हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. माल आला नाही तर चूल पेटत नाही. म्हणूनच १९६९ साली इथे माथाडी कायदा झाला, हमालांची नोंदणी आणि मंडळं आली, भविष्य निर्वाह निधी आला. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली ती याच प्रश्नावर. मी हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या क्षेत्रातली मंडळी 'वापराल तेवढेच पैसे' हे तत्त्व कौतुकाने सांगता सांगता ते माणसांनाही लावायला निघतात. फंक्शनला रिकाम्या महिन्यात भूक लागत नाही, म्हणून त्याला रिकाम्या महिन्याचे पैसे द्यायचे नाहीत. मेमध्ये अडतीवर काम नसतानाही मामा मुनीमजींचा पगार थांबवत नाहीत, आणि सर्व्हरचं भाडं वाचलं तर ते कुठे जावं याचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे.

शून्यावर उतरलेलं पुन्हा उठवायचं म्हटलं की त्याला वेळ लागणार. लॅम्डाला हाक गेली आणि तयार जागा नसली, तर आधी एक छोटं आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन) उभं राहतं, त्यात तुमचा कोड आणला जातो, तो ज्यावर चालतो ते पायथन किंवा नोड जे काही असेल ते सुरू होतं, मुख्य फंक्शनच्या बाहेर लिहिलेल्या ओळी चालतात, आणि मग कुठे तुमच्या कामाची पहिली ओळ येते. यालाच कोल्ड स्टार्ट म्हणतात. ते छोटं यंत्र म्हणजे फायरक्रॅकर. रस्ट भाषेत लिहिलेलं हे तंत्र ॲमेझॉनने २०१८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि त्यातलं आभासी यंत्र साधारण १२५ मिलिसेकंदांत उभं राहतं. एकाच मोठ्या यंत्रावर हजारो ग्राहकांचा कोड चालतो, पण प्रत्येकाच्या भोवती अशी स्वतंत्र भिंत असते. मला हे काम फार देखणं वाटतं. भिंत पक्की हवी आणि ती क्षणात उभी राहायला हवी, या एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी तिथे एकत्र नांदतात.

ज्यांचं काम सतत चालतं त्यांना कोल्ड स्टार्ट क्वचित भेटतो, आमच्यासारख्या तुरळक कामाला जास्त. सकाळची पहिली पट्टी नेहमी थोडी उशिरा निघते. लॉगमध्ये, म्हणजे फंक्शनच्या नोंदवहीत, प्रत्येक हाकेच्या शेवटी रिपोर्ट नावाची एक ओळ येते: किती वेळ चाललं, किती वेळाचे पैसे लागले, किती मेमरी दिली होती, त्यातली जास्तीत जास्त किती वापरली. पहिल्या पट्टीच्या ओळीत शेवटी एक जादा आकडा असतो, इनिट ड्युरेशन, म्हणजे उठायला लागलेला वेळ. पुढच्या पट्ट्यांत तो आकडाच नसतो. १ ऑगस्ट २०२५ पासून या उठण्याच्या वेळाचेही पैसे सरसकट लागतात, तेव्हा ती ओळ वाचायची सवय असलेली बरी. मी तिथूनच मेमरी ठरवली. लॅम्डात मेमरी वाढवली की त्याच प्रमाणात प्रोसेसरचा वाटाही वाढतो, १,७६९ एमबीला एक पूर्ण प्रोसेसर मिळतो. म्हणून मूळच्या १२८ एमबीवर रखडणारं काम ५१२ वर चौपट वेगाने झालं, तर पैसे तेवढेच लागतात आणि माणूस कमी ताटकळतो. मेमरी कमी ठेवून काटकसर केल्याचं समाधान मिळतं, काटकसर होत नाही.

उठण्याहून अवघड गोष्ट आहे विसरण्याची. फंक्शनला मागच्या हाकेचं काही आठवत नाही असं आपण धरून चालतो. खरी अडचण ही की कधी कधी आठवतं. काम संपलं की ती जागा लगेच मोडत नाहीत, गोठवून ठेवतात, आणि पुढची हाक थोड्याच वेळात आली तर तीच जागा पुन्हा जागी होते. मुख्य फंक्शनच्या बाहेर ठेवलेल्या गोष्टी आणि टेम्प फोल्डरमधल्या फाइली तिथे तशाच असतात. डेटाबेसचं कनेक्शन असं उरलं तर चांगलंच, वेळ वाचतो. पण आधीच्या शेतकऱ्याचं नाव तिथे राहिलं तर? नरखेडच्या माणसाचं वजन काटोलच्या माणसाच्या पट्टीवर छापलं जाऊ शकतं, आणि तेही रोज नाही, एखाद्या गर्दीच्या दिवशी. म्हणून मी एक नियम कडक पाळते: माणसाशी संबंधित एकही गोष्ट फंक्शनच्या बाहेर ठेवायची नाही. जे लक्षात ठेवायचं ते डेटाबेसमध्ये, बाकी सगळं त्या हाकेबरोबर संपलं पाहिजे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. काम सुरू करायच्या आधी मामांना मी सगळी रचना समजावून सांगत होते. मुनीमजी फोनवर नोंद भरतील, ती वर जाईल, पट्टी बनेल, शेतकऱ्याला मेसेज जाईल. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् एका गाडीची पट्टी दोनदा गेली तं?"

हा प्रश्न क्लाउडच्या मुळाशी आहे. लॅम्डाला दोन तऱ्हांनी हाक मारता येते. एक तऱ्हा अशी की हाक मारणारा उत्तराची वाट पाहत थांबतो. दुसऱ्या तऱ्हेत तो काम सोपवून मोकळा होतो आणि काम आतल्या एका रांगेत जाऊन पडतं. मुनीमजींना गाडीमागे गाडी घ्यायची असते, त्यांना पट्टी बनेपर्यंत अडवून ठेवणं बरं नव्हे, म्हणून पट्टीचं काम दुसऱ्या तऱ्हेने सोपवलेलं आहे. त्या रांगेचा नियम असा: फंक्शन मध्येच अडखळलं तर साधारण मिनिटभराने तेच काम पुन्हा दिलं जातं, तेव्हाही अडखळलं तर दोन मिनिटांनी आणखी एकदा. शिवाय काहीही बिघडलं नसतानाही एखादं काम दोनदा पोचू शकतं, हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. काम किमान एकदा होईल याची हमी आहे, एकदाच होईल याची नाही. समजा पट्टी तयार झाली, मेसेज गेला, आणि 'झालं' असं कळवायच्या क्षणी वेळ संपली. रांगेच्या लेखी ते काम झालेलंच नाही. ती पुन्हा हाक मारणार.

मी मामांना सांगायला लागले की प्रत्येक नोंदीला एक किल्ली, म्हणजे पुन्हा न येणारी ओळखखूण, देऊ, आणि ती किल्ली आधी वापरली गेली असेल तर फंक्शन काही न करता परत फिरेल. मामा म्हणाले, "पट्टी दोनदा गेली तरी चालते बेटा. नंबर एकच पाह्यजे." मग त्यांनी धंद्यातली गोष्ट सांगितली. शेतकऱ्याच्या हातात एकाच गाडीच्या दोन पट्ट्या आल्या आणि दोन्हीवर तोच नंबर, तेच वजन, तीच वेळ असली, तर तो एक ठेवतो, एक फाडतो. पण नंबर वेगळा असला, किंवा वेळ जरी तीन मिनिटांनी वेगळी असली, तर त्याला वाटतं की माल दोनदा विकला गेला आणि पैसे एकदाच मिळाले. भांडण तिथे सुरू होतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

वेळेचा तो मुद्दा मी लिहून घेतला. पट्टीवर वेळ छापायची तर सवयीने कोणीही फंक्शन चालतं त्या यंत्राचं घड्याळ वाचतो. मग तीन मिनिटांनी पुन्हा हाक आली की दुसऱ्या पट्टीवर दुसरी वेळ येणार. म्हणून पट्टीवरचा एकही आकडा फंक्शनने स्वतः निर्माण करायचा नाही असं ठरलं. वेळ ही काटा झाला तेव्हाची, मुनीमजींच्या नोंदीतली. नंबर हा कार्बनच्या पट्टीबुकावर आधीच छापलेला. हमालीचा दर त्या दिवशीच्या नोंदीतून, आजच्या कोष्टकातून नाही. अशी पट्टी शंभर वेळा बनवली तरी शंभर वेळा तीच येते. डेटाबेसला सांगता येतं की या नंबरची नोंद आधी नसेल तरच लिही. डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसमध्ये ही अट लिहिण्याबरोबरच तपासली जाते, त्यामुळे दोन हाका एकाच क्षणी आल्या तरी एकीलाच यश मिळतं.

तरी एक फट उरतेच. 'पाठवलं' अशी खूण मेसेजच्या आधी करायची की नंतर? आधी केली आणि मेसेज जायच्या आत फंक्शन पडलं, तर मेसेज कधीच जाणार नाही. नंतर केली, तर दोनदा जाऊ शकतो. मेसेज पाठवणारी यंत्रणा आपल्या डेटाबेसच्या बाहेरची असल्यामुळे ही फट पूर्णपणे बुजवता येत नाही. कुठल्या बाजूला झुकायचं हे ठरवावं लागतं, आणि ते अभियंत्याने एकट्याने ठरवायचं नसतं. मामांनी उत्तर आधीच दिलं होतं. खूण नंतर. दोनदा गेलेला तोच मेसेज माणूस समजून घेतो. न आलेल्या मेसेजची मात्र तो रात्रभर वाट पाहत बसतो. तिन्ही प्रयत्न फसले तर ते काम एका वेगळ्या यादीत जातं, आणि मुनीमजी संध्याकाळी ती यादी पाहून स्वतः फोन लावतात.

मेसेजबद्दल थोडं. एका मराठी एसएमएसमध्ये सत्तरच अक्षरचिन्हं बसतात, इंग्रजीत एकशेसाठ. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. त्यात ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे मजकुराचा साचा डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर आधी नोंदवावा लागतो, मनाला येईल तसा शब्द बदलता येत नाही. मी इंग्रजी मेसेजवर जायला तयार नव्हते. हिशेब ज्याचा त्याच्या भाषेत गेला पाहिजे. म्हणून एसएमएसमध्ये नंबर, वजन, हाती येणारी रक्कम एवढंच, आणि पुढे पूर्ण पट्टीची लिंक.

त्या पूर्ण पट्टीची पीडीएफ ही मला सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट आहे, कारण मराठीची खरी कसोटी तिथे लागते. लॅम्डाच्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नसतात. नोटो सान्स देवनागरी आपल्या झिपमध्ये बरोबर न्यावा लागतो. एवढ्यानेही भागत नाही. अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा पीडीएफ लायब्ररीत (पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडात) नसली, तर 'किलो'तली वेलांटी क-च्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते, 'पट्टी'तला जोड सुटतो आणि पाय मोडलेला ट सुटा उभा राहतो. जुळणीचं काम हार्फबझ करतं, तेही बरोबर घ्यायचं. हे सगळं घेऊन झिप उलगडल्यावर २५० एमबीच्या आत बसवावं लागतं. २०२० च्या अखेरीपासून १० जीबीपर्यंतची कंटेनर इमेजही चालते, पण माझं सामान झिपमध्ये मावतं आणि छोटं गाठोडं लवकर उठतं. अडतीवर पहिली पट्टी छापून दाखवली तेव्हा मुनीमजींनी आकड्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी शेतकऱ्याच्या आडनावातला रफार बोटाने तपासला आणि मान हलवली.

नवीन कोड चढवायचा तर तो गाड्या संपल्यावर, संध्याकाळी. लॅम्डात प्रत्येक चढवलेल्या आवृत्तीला नंबर मिळतो आणि ती नंतर बदलता येत नाही. 'लाईव्ह' नावाचं एक टोपणनाव त्यातल्या एका नंबरकडे बोट दाखवतं. नवी आवृत्ती आली की ते बोट हलवायचं, काही बिनसलं की परत जुन्याकडे. हवं तर शंभरातल्या दहा हाका नव्याकडे आणि नव्वद जुन्याकडे असंही करता येतं. हे सोपं आहे, जास्त लिहीत नाही. रात्री नऊला मामांना दिवसाचा गोषवारा जातो, त्याचं वेळापत्रक लिहिताना एक लक्षात ठेवावं लागतं: साधा क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) जागतिक वेळेवर चालतो, म्हणजे आपले नऊ हे तिथे दुपारचे साडेतीन. २०२२ मध्ये आलेल्या शेड्युलरमध्ये आशिया-कोलकाता असं लिहिता येतं, मी तेच वापरते. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला वजाबाकी करायला लागू नये.

शून्याची गोष्ट सांगताना एक इशारा द्यायला हवा, कारण मी अनेकांची बिलं पाहिली आहेत. फंक्शन शून्यावर उतरतं, त्याच्या शेजारी मांडलेल्या वस्तू उतरतातच असं नाही. फंक्शन खासगी नेटवर्कमध्ये ठेवलं आणि त्याला बाहेर जायला नॅट गेटवे दिला, की त्या गेटवेचं भाडं तासावर चालू होतं, पट्टी निघो न निघो. कायम जागा असलेला डेटाबेस घेतला तरी तेच. लॉग तर मुदत घातली नाही तर कायमचे साठत राहतात. मामांच्या कामात मी एकही तासावरची वस्तू ठेवली नाही. डेटाबेस वाचला-लिहिला तेवढ्याचेच पैसे घेणारा, लॉगला मुदत, नेटवर्क मोकळं. मे महिन्याचं बिल उघडलं की त्यात साठवणुकीच्या चिल्लर रकमेशिवाय काही नसतं. तो महिना पाहून मला जे समाधान मिळतं ते हंगामातल्या गर्दीच्या दिवशी मिळत नाही.

सगळीकडे फंक्शन लावावं असं मी म्हणत नाही. दिवसरात्र सारखंच काम असेल तर साधा सर्व्हर स्वस्त पडतो आणि समजायलाही सोपा. एका हाकेत पंधरा मिनिटांपलीकडे चालणारं काम लॅम्डात बसतच नाही. मामांनी मध्यंतरी विचारलं की काट्याचं वजन मुनीमजींनी टाइप करण्याऐवजी थेट वर का जात नाही. इलेक्ट्रॉनिक काटा सतत आकडे ओकत असतो. सेकंदाला एक धरला तरी दिवसाचे ८६,४०० होतात. पैशांच्या दृष्टीने तेही परवडेल, दहा लाख हाकांचा दर वीस अमेरिकी सेंट आहे. पण गाडी काट्यावर चढताना आकडा हलत असतो, तो कधी स्थिर झाला हे तिथेच, काट्यापाशी ठरलं पाहिजे. आणि ऐन हंगामात मार्केटमधलं इंटरनेट गेलं म्हणून काटा थांबता कामा नये. तिथे आम्ही एक छोटा संगणक बसवतो आहोत, काट्याला वायरने जोडलेला. आकडा स्थिर झाला आणि मुनीमजींनी बटण दाबलं की एकच वजन वर जाईल. नेट नसेल तर ते तिथेच थांबेल आणि नंतर जाईल. उशिरा जाईल किंवा दोनदा जाईल, दोन्ही चालण्यासारखं आहे, कारण किल्ली ठरलेली आहे.

यावर मामांची एक अट आहे: कार्बनचं पट्टीबुक बंद करायचं नाही. मुनीमजींनी येत्या मृगासाठी नवीन पुस्तकं छापायला टाकली आहेत. या वेळी नंबर मोठ्या टायपात घ्यायला सांगितलं आहे, म्हणजे फोनमध्ये भरताना वाचायला सोपं जाईल.